रिकाम्या चर्चचा वारस कोण?

गेल्या दिवाळीत लंडनमधल्या एका मराठी घरी फराळाला आम्ही पंधरा-वीस जण जमलो होतो. ताटल्या हातात असतानाच कुणीतरी फोन पुढे केला. युरोपातल्या एका जुन्या चर्चमध्ये आता बार चालतो, वेदीच्या जागी बाटल्यांचं कपाट आहे, असा फोटो. लगेच दोन तट पडले. एक म्हणे, "बघा, यांचा धर्म संपला. आपल्याकडे देवळांच्या रांगा संपत नाहीत." दुसरा म्हणे, "त्यात रडायचं काय? दगड-विटाच त्या. पडीक राहण्यापेक्षा कामाला आल्या हे बरं." मी सांगितलं की गेल्याच आठवड्यात अशाच एका चर्चमध्ये बसून मी तासभर गिटार ऐकून आले. त्यावर यजमानांच्या आई, वय ऐंशीच्या पुढे, एवढंच म्हणाल्या, "देवाच्या घरात देव नाही, आणि तुम्ही तिकीट काढून बसलात. कसं वाटलं गं?" बाकी सगळ्यांच्या मतांपेक्षा मला हा प्रश्न खरा वाटला. तो अजून डोक्यातून गेलेला नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. ज्या प्रार्थनास्थळाची मंडळी उरली नाही आणि जे त्याच्याच लोकांनी बंद केलं, तिथे माणसं पुन्हा एकत्र येऊन गप्प बसून काही ऐकत असतील, तर ती वास्तू बाटली असं मी मानत नाही. ती आपलं निम्मं काम अजून करते आहे. बारपेक्षा, फ्लॅटपेक्षा आणि कुलूप लावून पडू देण्यापेक्षा तिच्यावर संगीताचा हक्क मोठा आहे. त्यातही माइकविना, जवळ बसून ऐकायच्या संगीताचा. पण हा हक्क बिनअटीचा नाही. त्या अटींबद्दल फराळाच्या ताटाभोवती कुणीच बोललं नाही, आणि एरवीही कुणी बोलताना दिसत नाही. एकाला दुसऱ्याच्या पडझडीचा आनंद आहे, दुसऱ्याला कशाचंच काही वाटत नाही. दोघांनाही त्या चार भिंतींत माणसं नेमकं काय करत होती, हे जाणून घ्यायचं नाही.

मी गेले होते ते चर्च म्हणजे ओल्ड स्ट्रीटवरचं सेंट ल्यूक्स. लांबूनच ओळखू येतं, कारण मनोऱ्यावर नेहमीच्या कळसाऐवजी इजिप्तच्या धर्तीचा खोबणीदार दगडी सुळका उभा आहे. जॉन जेम्स आणि निकोलस हॉक्समूर या दोघांची ही रचना १७३३ साली पुरी झाली. पैसा कुणाचा? लंडनसाठी पन्नास नवी चर्चेस बांधायचा कायदा १७११ साली झाला आणि त्या खर्चासाठी शहरात येणाऱ्या दगडी कोळशावर कर बसवला गेला. पन्नासांपैकी डझनभरच उभी राहिली, त्यांतलं हे एक. म्हणजे लंडनमध्ये ज्या ज्या घरात कोळसा जळला, मग ते घर कुठल्याही पंथाचं असो किंवा कुठल्याच नसो, त्या घरानं या भिंतींना पैसा दिला आहे. ही वास्तू फक्त रविवारी बाकावर बसणाऱ्यांची होती असं म्हणताच येत नाही. ती पहिल्या दिवसापासून सगळ्या शहराच्या खिशातून उभी आहे.

आणि ती बंद का पडली? धर्म संपला म्हणून नाही. खालची जमीन सुकत गेली, पाया खचला, भिंतींना तडे गेले, आणि १९५९ मध्ये दारं बंद करावी लागली. पुढे छप्पर धोक्याचं झालं म्हणून उतरवलं गेलं. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं या भिंती उघड्या आभाळाखाली उभ्या होत्या. २००३ मध्ये लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रानं तिथे आपलं संगीत-शिक्षणाचं केंद्र सुरू केलं. आज आत गेलं की पोलादाचे चार खांब दिसतात. ते वर जाऊन फांद्यांसारखे फुटतात आणि नवं छप्पर तोलून धरतात. जुन्या भिंतींना त्या छपराचा भार सोसावा लागत नाही. भिंतींवर मात्र काही लपवलेलं नाही. जिथे गिलावा गेला तिथे वीट तशीच उघडी आहे. ज्यांना 'यांचा धर्म संपला' हे एका वाक्यात सांगून टाकायचं असतं, त्यांनी निदान एका चर्चची गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी.

त्या दुपारी एकच वादक होता, एकच गिटार, डाव्या पायाखाली घ्यायचं छोटं स्टूल, आणि समोर आम्ही. माइक नव्हता. पहिला तुकडा संपल्यावर त्यानं सहावी, सगळ्यांत जाड तार एक स्वर खाली उतरवली. खुंटी हळूहळू फिरवत, तारेला कान लावून, आपल्याकडे तंबोरा लावतात तितक्याच सावकाश. कुणी चुळबूळ केली नाही. बाखच्या एका संथ भागात डाव्या हाताची बोटं तारेवरून सरकताना होणारी बारीक खरखर शेवटच्या रांगेपर्यंत येत होती. माझ्या शेजारच्या बाईंना खोकल्याची उबळ येत होती. त्यांनी पर्समधून गोळी काढली, पण कागदाचा आवाज होईल म्हणून ती उघडलीच नाही. तो पूर्ण भाग संपेपर्यंत गोळी मुठीत, मूठ तोंडावर, डोळ्यांत पाणी. टाळ्या सुरू झाल्यावर त्यांनी ती सोलून तोंडात टाकली आणि माझ्याकडे बघून हसल्या. आजी विचारत होत्या ना, कसं वाटलं? मला त्या मुठीतली गोळी आठवते. दुसऱ्याच्या ऐकण्यात आपला व्यत्यय नको म्हणून स्वतःचा घसा आवळून धरणं, हे मी लहानपणी कीर्तनाला बसलेल्या बायकांमध्ये पाहिलं आहे. लंडनमध्ये ते मला रस्त्यावर सापडत नाही, गाडीत सापडत नाही, आणि खरं सांगायचं तर मोठ्या हॉलमधल्या स्पीकर लावलेल्या कार्यक्रमांतही फारसं सापडत नाही.

गिटार हे वाद्य असं ऐकायला मुळातच भाग पाडतं. आज जिला आपण क्लासिकल गिटार म्हणतो तिचा आकार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिरानं पक्का केला. तारेची बोलती लांबी साधारण ६५ सेंटिमीटर. नायलॉनच्या तारा १९४० च्या दशकात आल्या, तोवर त्या तातीच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्यांपासून केलेल्या असत. व्हायोलिनसारखा गज नाही की पेटीसारखा भाता नाही. तार छेडली की त्या क्षणापासून स्वर विझायलाच लागतो. त्याला थोडा वेळ धरून ठेवायचं काम खोली करते. म्हणून खोली कशी आहे याला गिटारच्या मैफलीत फार मोल आहे, आणि उंच छताची, जाड भिंतींची जुनी चर्चेस त्या कामाला जन्मजात लायक आहेत. ज्युलियन ब्रीम हा इंग्लंडचा थोर गिटारवादक. त्यानं आपल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांसाठी स्टुडिओ सोडून विल्टशरमधलं वॉर्डर चॅपल गाठलं, ते काही श्रद्धेपोटीच असेल असं नाही. त्याच्या सहा तारांना तिथली हवा हवी होती.

इथे 'दगड-विटाच त्या' म्हणणाऱ्यांना मी थांबवते. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठानं वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक काम दिलं. फॉग म्युझियमच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द कळत नव्हता, कारण आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा. सबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या बाकांच्या गाद्या उचलून आणायचा, थोड्या थोड्या करून मांडायचा, घुमणं किती कमी झालं ते मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. त्यात त्याला असं दिसलं की एक माणूस सुमारे सहा गाद्यांइतका आवाज शोषून घेतो. वास्तूंच्या ध्वनिशास्त्राचा पाया या गाद्यांच्या हमालीत घातला गेला. मला त्यातून कळलेली गोष्ट अशी, की रिकामं चर्च आणि भरलेलं चर्च ही आवाजाच्या हिशेबानं दोन वेगळी घरं आहेत. बांधणाऱ्यांनी ते माणसांसकट कल्पिलं होतं. रिकाम्या चर्चमध्ये शब्द भिंतींवर आपटत भटकतो. माणसं आली, त्यांचे कोट, स्वेटर, देह आले, की स्वर जागेवर बसतो. मग ज्या वास्तूला माणसांनी भरल्याखेरीज तिचा स्वतःचा आवाजच सापडत नाही, तिला नुसत्या दगड-विटा कसं म्हणायचं? आणि तिला फ्लॅटमध्ये चिरून, मधे मजले घालून, प्रत्येक खिडकीचे दोन तुकडे करून विकणं, याला 'कामाला आणणं' कसं म्हणायचं?

आता विरोधी बाजू. फराळाच्या वेळी कुणी मांडली नाही, पण तिच्यात दम आहे, आणि तिला वळसा घालून मला पुढे जायचं नाही.

पहिला आणि सगळ्यांत जड मुद्दा मृतांचा. सेंट ल्यूक्सच्या पुनर्बांधणीच्या वेळी तिथून हजाराहून अधिक मृतांचे अवशेष उकरून काढावे लागले आणि सरे परगण्यातल्या ब्रुकवुड दफनभूमीत नेऊन पुरावे लागले. आज तळघरात तालमी होतात, शिकवण्या चालतात. ज्यांनी आपल्या माणसाला 'शेवटच्या दिवसापर्यंत' म्हणून तिथे ठेवलं, त्यांना दिलेलं वचन मोडलं गेलं की नाही? मोडलं गेलं. याला शास्त्रशुद्ध उत्खनन झालं, परवानग्या घेतल्या होत्या, ही उत्तरं पुरत नाहीत. आपल्या गावच्या स्मशानाबाबत कुणी हेच सांगितलं तर आपण ऐकून घेऊ का? माझं उत्तर वेगळं आहे. चाळीस वर्षं छप्पर नसलेल्या, खचणाऱ्या इमारतीखाली त्या मृतांची कुणी फार राखण केली होती असं नाही. पडझडीनंही वचन मोडतच असतं, फक्त त्याचा आवाज होत नाही. हलवायचं ठरलं तेव्हा निदान मोजून, नोंदून, दुसऱ्या दफनभूमीत ठेवलं गेलं. आवारात अजून काही जुनी थडगी उभी आहेत. त्यांत विल्यम कॅस्लनचं आहे. अठराव्या शतकातला हा अक्षरांचे खिळे ओतणारा कारागीर, त्याच्या टाइपात इंग्रजी जगानं पिढ्यानपिढ्या पुस्तकं छापली. दुपारी आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं त्या आवारात डबा खायला बसतात. तरीही माझी एक मागणी उरतेच. मैफलीला येणाऱ्या माणसाला दारातच कळलं पाहिजे, की आपण ज्या जमिनीवर बसणार आहोत तिच्याखाली कोण होतं आणि ते आता कुठे आहेत. कोपऱ्यातल्या माहितीपत्रकात नको, दारात हवं. ते माहीत असून ऐकलेलं संगीत जास्त लक्ष देऊन ऐकलं जातं, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा मुद्दा आजींचा, तिकिटाचा. देवाच्या दारात कुणाला पैसे विचारत नव्हते. चर्चमध्ये भिकारीही शिरू शकत होता. आता त्याच दारात तिकीट तपासतात, आणि आत येणारे बहुतेक गोरे, साठीच्या पुढचे, सुस्थितीतले. हे मी डोळ्यांनी पाहिलं, नाकारणार नाही. पण इतिहास थोडा नीट पाहू. इंग्लंडमधल्या कितीतरी चर्चमध्ये पुढचे बाक भाड्यानं दिले जात, घराण्यांच्या नावानं राखीव असत, आणि गरिबांनी मागच्या बाकांवर किंवा माडीवर बसायचं असे. आपल्याकडे तर बोलायलाच नको. किती देवळांच्या पायरीशी किती जातींना थांबवलं गेलं हे नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहानं, १९३० पासून पुढची पाच वर्षं, साऱ्या देशाला दाखवलं. देवाचं दार सगळ्यांना उघडं होतं, ही आपण स्वतःची घातलेली समजूत आहे. म्हणून तिकीट बरोबर आहे असं मात्र नाही. कोळशाच्या करातून उभ्या राहिलेल्या वास्तूत ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना जागा असलीच पाहिजे. सेंट ल्यूक्सनं दुपारच्या मोफत मैफली केल्या आहेत, परिसरातल्या लोकांना घेऊन गॅमेलानचा, म्हणजे इंडोनेशियातल्या घंटा-झांजांचा वाद्यवृंद चालवला आहे. या गोष्टींना मी त्या केंद्राचं औदार्य म्हणणार नाही. ते त्या जागेचं भाडं आहे, आणि जी संस्था ते भरणार नाही तिला असं चर्च देऊ नये.

तिसरा आक्षेप सूक्ष्म आहे. तो म्हणतो, तुम्हाला तिथे जे गंभीर, शांत वाटलं ते गिटारचं नव्हतंच. ते सव्वादोनशे वर्षांच्या प्रार्थनेनं साठवलेलं होतं, आणि तुम्ही ते विश्वास न ठेवता वापरलंत. उसनं पावित्र्य. हा आक्षेप मला बरेच दिवस टोचत राहिला. पण मग गिटारचाच इतिहास आठवला. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडॉर्फ गावात सेंट निकोलस चर्चमध्ये 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं, ते गिटारच्या साथीवर. ज्या गाण्यानं पुढे जगभरातली चर्चेस भरून गेली ते जन्माला आलं अशा वाद्यावर, जे कित्येकांच्या लेखी दारूच्या गुत्त्यातलं होतं. ते चर्च आता उभं नाही. पुरांनी खिळखिळं झाल्यावर ते पाडलं गेलं आणि त्या जागी छोटं स्मृतिमंदिर आहे. गाणं मात्र राहिलं. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत नेलं. वारीत वाढलेला छंद चर्चमध्ये गेला आणि तिथेही घरचाच झाला. मग पावित्र्य कुणी कुणाकडून उसनं घेतलं? गुत्त्यातली गिटार चर्चमध्ये गेली तेव्हा चर्चनं तिच्याकडून काही घेतलं, आज ती रिकाम्या चर्चमध्ये एकटी वाजते तेव्हा काही परत घेते. हा व्यवहार कधीच एकतर्फी नव्हता.

आणि देवळातून बाहेर पडलेलं संगीत उणावतंच, असं मराठी माणसानं तरी म्हणू नये. गोव्याच्या देवळांत कलावंत घराण्यांतल्या स्त्रिया गात, नाचत. ती देवसेवा होती आणि त्याच वेळी ती त्यांच्यावर लादलेली जन्मठेपही होती. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या तिथल्याच लेकी. त्यांचं गाणं देवळाच्या मंडपातून मैफलीच्या बैठकीत आलं, ध्वनिमुद्रिकेवर आलं. केसरबाईंचा आवाज तर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत सूर्यमालेबाहेरच्या वाटेला लागला. त्या गाण्यातलं देवाचं काही कमी झालं का? मोगूबाईंची भूपाळीच्या वेळची आर्तता कमी झाली का? कमी झाला तो त्या बायकांच्या माथ्यावरचा डाग. देऊळ सोडणं हे त्यांच्या बाबतीत सुटका होती. ज्याला 'देवाचं घर' म्हणतो त्याच्या आत माणसांवर काय बेतलं होतं हे विसरून जो फक्त गेल्या पावित्र्याचे उसासे टाकतो, तो अर्धाच इतिहास सांगतो.

मोगूबाईंच्या गावाचीच आणखी एक गोष्ट इथे येते. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव पुन्हा वर येतं: चौथरे, विहिरी, वाटा. आणि तालुकाभर विखुरलेले गावकरी, हिंदूही आणि ख्रिस्तीही, आपापल्या देवळा-कपेलाच्या जागी त्या दिवसांत पुन्हा जमतात. तिथे छप्पर नाही, भिंती नाहीत, मंडळी आहे. सेंट ल्यूक्समध्ये छप्पर आहे, भिंती आहेत, मंडळी नाही. दोन्ही अर्धवट आहेत. मला कुर्डीकडून लंडननं एक गोष्ट घ्यावीशी वाटते: ज्यांचा त्या जागेशी जन्म-लग्न-मरणाचा संबंध आहे त्यांना, त्यांच्या नातवंडांना, वर्षातून एकदा तरी तिथे आपल्या पद्धतीनं जमायचा हक्क हवा. भाडं न भरता, कार्यक्रमपत्रिकेत जागा न मागता.

राहिला विजयाचा मुद्दा. 'त्यांचं पडलं, आपलं उभं आहे' यातल्या आनंदाबद्दल. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली. तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी आपापल्या देवळांत आणल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराची घंटा आहे ती त्यांतलीच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर एक टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली मेरी. शाळेच्या सहलीत आम्ही सगळ्या मुलींनी ती ओळीनं वाजवली होती आणि कृष्णेच्या पाण्यावरून तिचा आवाज पलीकडे गेलेला मला अजून ऐकू येतो. त्या घंटा लढाईत घेतलेल्या आहेत. पोर्तुगिजांनीही त्याआधी गोव्यात आणि उत्तर कोकणात देवळं पाडली होती, हेही खरं. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचं तेच: सहाव्या शतकातलं चर्च, १४५३ मध्ये मशीद, १९३० च्या दशकात संग्रहालय, २०२० मध्ये पुन्हा मशीद. प्रत्येक वेळी सत्तेनं हुकूम काढला आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी घशात हुंदका अडकला. याच्या शेजारी पूर्व लंडनच्या ब्रिक लेनवरची इमारत ठेवून पाहा. १७४३ मध्ये फ्रान्समधून छळाला कंटाळून आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांनी बांधलेलं चर्च, मग मेथडिस्टांचं, १८९८ मध्ये ज्यूंचं सिनेगॉग, १९७६ पासून मशीद. कुणी कुणाकडून हिसकावली नाही. एक वस्ती उठून गेली, दुसरी आली, किल्ली हातात देऊन गेली. भिंतीवर १७४३ चं सूर्यघड्याळ अजून आहे, लॅटिनमध्ये लिहिलेलं: आम्ही सावली आहोत. वाद घालायचाच असेल तर या रेषेवर घाला. घेतलं की दिलं? सेंट ल्यूक्स दिलेलं आहे. म्हणून तिथे गिटार ऐकताना मला कुणाच्या पराभवावर बसल्यासारखं वाटलं नाही.

आणि दिलेल्या चर्चमध्ये आपणही बसतो, हे फराळाला जमलेल्यांपैकी निम्म्यांना माहीत होतं. लंडनचं भारतीय विद्या भवन वेस्ट केन्सिंग्टनला आहे, तिथे आपली मुलं तबला शिकतात, सतार शिकतात, भरतनाट्यमची अरंगेत्रम होतात. ती इमारत मुळात चर्चची आहे. खिडक्यांच्या कमानी बघितल्या तरी कळतं. तिथे मालकंसाचा पहिला षड्ज लागतो तेव्हा 'यांचा धर्म संपला' असं कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो, जागा किती छान आहे, आवाज किती छान येतो. मग तोच न्याय गिटारला का नको?

तरी गर्वाचं कारण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीव्यतिरिक्त कोकणात जाऊन यावं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. शिमगा आणि गणपतीला गाव भरतो, पालखी नाचते, चाकरमानी येतात. उरलेलं वर्ष देवळात संध्याकाळी गुरव एकटा दिवा लावतो. तिरुपती आणि शिर्डीच्या रांगा पाहून आपण म्हणतो की आपलं उभं आहे. गावच्या ग्रामदेवतेच्या मंडपात नऊ महिने कोण असतं? इंग्लंडमध्ये हा प्रश्न लोकांनी निदान उघड विचारला. १९६८ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनं त्यासाठी कायदेशीर पद्धत आखली, आणि तेव्हापासून दीड हजाराहून जास्त चर्चेस विचार करून, सुनावण्या घेऊन बंद केली: काही पाडली, काही राखली, काही दुसऱ्या कामाला दिली. दुःखाची गोष्ट आहे, पण डोळे उघडे ठेवून केलेली आहे.

मी यंदा गावी गेले तेव्हा आमच्या गुरवांना हे सगळं सांगितलं. लंडनचं चर्च, छप्पर नसलेली चाळीस वर्षं, पोलादी खांब, गिटार. म्हटलं, भाऊ, पुढच्या मे महिन्यात आपल्या मंडपात एखादी सतारीची बैठक करू या, माइक न लावता, गावातल्या सगळ्यांना बोलावून, कुणाकडून पैसे न घेता. ते मंडपाच्या लाकडी खांबाला टेकून उभे होते. वर पाहिलं. दोन ठिकाणी कौलं सरकली होती, त्यातून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. "करूया की," ते म्हणाले. "देवीला गाणं कधी नको असतं? पण ताई, पावसाआधी मंडप शाकारायला माणसं मिळत नाहीत. दोन वर्षं मी एकटाच वर चढतोय. बैठकीला येणारे आधी दोन दिवस येतील का?"